जमिनीला विचारून

आपण कुणाच्या दारात गेलो की घरातलं माणूस आपल्या तोंडाकडे बघतं. ती पायांकडे बघायची. पाय बघून झाले की सावकाश नजर वर यायची आणि तोवर तिचं आपल्याबद्दल मत बनलेलं असायचं. मग "बसा" म्हणायची, नाहीतर "टाचंचं काय करून घेतलंय?" असं विचारायची.

एका निवडणुकीत उमेदवार हात जोडून आमच्या गल्लीत आले. मागे पंधरा-वीस माणसं. ही ओट्यावर लसूण सोलत बसली होती. उमेदवार म्हणाले, "मावशी, आशीर्वाद असू द्या." ही त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाली, "आशीर्वाद हायेच. पन तुमी उजवी टाच घासून चालताय. गुडघा जाईल. आधी चप्पल बदला." उमेदवार हसले. त्यांच्या मागची माणसं मात्र गुपचूप आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

नारायणगावातल्या तमाशाच्या फडांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. दसऱ्याला फड बाहेर पडतात, जत्रा करत गावोगाव हिंडतात, वैशाखाच्या शेवटी परत येतात आणि पावसाळाभर विसावतात. त्या दिवसांत नव्या मुलींची तालीम चालते. आमच्या गल्लीच्या टोकाला कांद्याचं एक रिकामं गोदाम होतं. एका फडाची तालीम तिथे असायची आणि ही तिथे मुलींना शिकवायची. स्वतः तिने स्टेज सोडून बरीच वर्षं झाली होती. लोक म्हणत, ती नाच शिकवते. ती म्हणायची, "मी चालायला शिकवते. नाच ज्याचा त्याला येतो."

मी मूळची पिंपरी पेंढारची. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. दहावी झाल्यावर मामांनी नारायणगावला आणलं, शिवण शिकवलं आणि गोदामाला लागून एक खोली दुकानासाठी घेऊन दिली. नव्वदीची मधली वर्षं असतील. घरचे सगळे मला जपायचे. जपायचे म्हणजे उठू द्यायचे नाहीत. पाणी हातात, ताट हातात, दुकानात सोडायला मामेभावाची स्कूटर.

एक दिवस स्कूटर बिघडली म्हणून मी गल्लीतून चालत निघाले. गोदामाचं दार धाडकन उघडलं आणि ही बाहेर आली. पन्नाशीची, उंच, हात पिठाने माखलेले. धावत आली ती माझ्या पुढ्यात येऊन थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तिला ओळखू लागल्यावर कळलं, की आधी तोंडाकडे पाहिलं असं तिने त्या एकाच वेळी केलं असेल. मग तिचा चेहरा उतरला.

"कोन तू?"

"शेजारचं शिवणाचं दुकान माझंच आहे."

"बरं," ती म्हणाली. "जा. सावकाश जा."

आणि मी दुकानाचं कुलूप उघडेपर्यंत ती तिथेच उभी राहून ऐकत होती. हो, ऐकतच होती. डोळे मिटून.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी दुकानात यायला लागली. फडातल्या बायकांचे ब्लाउज शिवायला आणायची आणि बसून राहायची. दुकानाच्या मागच्या खिडकीतून गोदाम दिसायचं, त्यामुळे तिची तालीम मी आधीपासूनच चोरून बघत होते. आता उघडपणे बघायला लागले.

पहिले पंधरा दिवस ती मुलींना नाचूच द्यायची नाही. पाय पाण्यात बुडवायला लावायची आणि कोरड्या शहाबादी फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायची. मग स्वतः उकिडवी बसून उमटलेली पावलं वाचायची. "ही बघ, टाच आधी आपटलीस. ही बघ, इथं घाबरलीस. पाऊल टाकू नगं, ठिव." त्यानंतर घुंगरांचे पट्टे. दोन्ही पोटऱ्यांवर जड पट्टे बांधून चालायचं आणि एकही घुंगरू बोलता कामा नये. "आपन बोलवू तवाच त्यानं बोलायचं," ती म्हणायची. "चालताना वाजली तर ती बाई न्हाई, बैलगाडी."

मुली हसायच्या. पण महिनाभराने त्या गोदामात दहा मुली पट्टे बांधून चालत असायच्या आणि मला फक्त माझ्या मशीनचा आवाज ऐकू यायचा.

सगळ्यात अवघड होतं मागे चालणं. नाचताना तोंड लोकांकडे ठेवून मागे सरावं लागतं, आणि स्टेज म्हणजे कुठल्यातरी वावरात पिंपांवर टाकलेल्या फळ्या. मागे बघायचं नाही. अंगठा मागे न्यायचा, फळी चाचपायची, तोवर सगळं वजन पुढच्या पायावर. खात्री पटली की मग चवडा, मग टाच, आणि मग वजन. "वजन द्यायच्या आधी जमिनीला इचार," हे ती दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. इतक्या वेळा, की मुली भाकरी थापतानासुद्धा एकमेकींना म्हणत, पीठ टाकायच्या आधी तव्याला इचार.

एक दिवस ती मला म्हणाली, "ऊठ. चल माझ्यासंगं."

"मावशी, मी काय नाचणार?"

"नाच म्हनलं का मी?"

गोदामात तिने माझा तळहात आपल्या तळहातावर घेतला आणि मला चालवलं. मी दहा पावलं चालले. ती म्हणाली, "लंगडनं म्हंजे काय ठावं हाय का तुला? घाई. बारक्या पायाची तुला लाज वाटती, म्हनून तू त्याच्यावर उभीच ऱ्हात न्हाईस. टेकला न टेकला, उचलला. त्याचा येळ त्याला दे."

त्या दिवसापासून, फड गावात असेल तेव्हा, रोज दुपारी तीन ते चार आम्ही दोघी चालायचो. पुढे, मागे, वळून. पाय काही भरला नाही, भरणारही नव्हता. पण सहा महिन्यांत मी स्कूटर सोडली. वर्षाने कापडबाजारात एकटी जायला लागले. त्या एका तासासाठी मी सकाळपासून घड्याळ बघायचे. मी पडले तरी ती उचलायला यायची नाही. नुसती उभी राहायची आणि म्हणायची, "आता ऊठ तुझी तू." इतक्या प्रेमाने मला कुणी पडू दिलं नव्हतं.

तिने मला का निवडलं, ते तिनेच एकदा सांगितलं. बाहेर भुरभुर चालू होती, तालीम संपली होती, आम्ही फरशीवर भिंतीला टेकून बसलो होतो.

तिला एक धाकटी बहीण होती. दोघी आणे गावच्या पठारावरच्या. लहानपणी फडात आल्या आणि जोडीने नाचायच्या. एका जत्रेत फळी सरकली आणि धाकटी खाली गेली. गुडघा मोडला. वैदूने बांधला तो वाकडाच जुळला. मालक म्हणाले, हिला चुलीवर घ्या. थोरलीने, म्हणजे हिने, होकाराची मान हलवली. धाकटी दोन वर्षं फडाचा स्वयंपाक करत राहिली.

"मग एक दिवस संध्याकाळच्याला ती नऊवारी नेसून, पट्टे बांधून, तोंड रंगवून आली," ती सांगत होती. "म्हनली, अक्का, मी नाचनार न्हाई, नुसती तुझ्या मागं उभी ऱ्हाते. मी म्हनलं, तू इथपतूर चालत आलीस ते मी बघितलं. लोक हसत्याल."

तिने आपली पोटरी चोळली. मग म्हणाली, "तिनं पट्टे सोडले. तोंड धुतलं. सकाळी गाड्या निघाल्या तवा ती कुठल्याच गाडीत नव्हती. मला वाटलं, रुसलीय, दोन दिसांत यील. मी त्या गावाला नाचले, फुडल्या गावाला नाचले. वीस वर्सं झाली."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"वजन द्यायच्या आधी जमिनीला इचार, हे माझं न्हाई," ती म्हणाली. "धाकलीचं हाय. बारकी असताना बोलायची. आन त्या दिवशी तू गल्लीतून चाललीस ना, एक पाऊल जड, एक हलकं, तवा मला वाटलं, आली."

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला एक मास्तर दुकानात आले. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात एक आश्रमशाळा होती, तिथले. पंधरा ऑगस्टला मुलींचे गणवेश हवे होते आणि जवळच्या शिंप्यांना सवड नव्हती. मापं लिहून देता देता गप्पा निघाल्या. माझा पाय बघून ते म्हणाले, "ताई, राग मानू नका. आमच्या शाळेतल्या स्वयंपाकीण बाई पण अशाच एका पायाने अधू आहेत. पण संचलन मुलींना त्याच शिकवतात. पीटीच्या सरांचं कोण ऐकत नाही, त्यांचं ऐकतात. म्हणतात, वजन द्यायच्या आधी जमिनीला विचार."

माझ्या हातातली टेप खाली पडली. मास्तरांनी उचलून दिली. मी शाळेचं गाव नीट विचारून घेतलं, पावतीच्या मागे लिहिलं आणि पावती मशीनच्या खणात टाकली.

तीन वाजता ती आली. "चल," म्हणाली. मी उठले. आम्ही तासभर चाललो. मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याची उत्तरं मी पुष्कळ तयार केली. आधी खात्री करू. तालीम ऐन भरात आहे, ती सोडून जाईल, मुलींचं नुकसान होईल. दसरा होऊ दे. ही सगळी उत्तरं खोटी होती. खरं एवढंच, की मी तिच्यासाठी धाकटीच्या जागी होते. खरी धाकटी सापडली असती तर तीन वाजता माझ्याकडे कोण आलं असतं?

दसऱ्याला फड निघून गेला, त्याच्याबरोबर तीही. माघात निमगाव सावाच्या जत्रेला फड आला तेव्हा मी शिवलेले ब्लाउज पोचवायला गेले. दुपारची वेळ. स्टेज नुकतं बांधून झालं होतं आणि ती अनवाणी एकेक फळी चवड्याने दाबून बघत होती. मला लांबून येताना तिने पाहिलं. पायांकडेच.

"आज डावा पाय जड पडतोय तुझा," ती म्हणाली. "काय घिऊन आलीस?"

"ब्लाउज," मी म्हणाले.

तिने पिशवी घेतली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. येताना एसटीत मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात सांगायचं. पुढचा आठवडा गेला.

वैशाख संपता संपता फड परत आला. ती दुकानात येऊन बसली आणि हसत हसत सांगायला लागली, "यंदा एका जत्रंत मागनं पावलं ऐकली. एक जड, एक हलकं. धावत सुटले, लोकांना ढकलीत. यस्टीच्या फाट्यापतूर गेले. गाठलं तर भलतीच म्हातारी. ती घाबरली, म्हनली, बाई, मी काय केलं? लोकांना वाटलं मला येड लागलंय." आणि ती एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसणं थांबलं तरी ते थांबलं नाही.

मी खणातून पावती काढली. म्हणाले, "मावशी, काल एक मास्तर आले होते."

काल, असं म्हणाले मी.

तिने सगळं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग तिने तिच्या ट्रंकेतलं हिरवं खणाचं कापड आणलं. "एक झंपर शिव. माझ्याच मापाचं, दंडाला बोटभर कमी. ती माझ्याहून बारीक हाय." मी दोन दिवसांत शिवलं. पण मध्येच फडातली एक मुलगी तापाने पडली, तिला सोडून निघता येईना. आम्ही निघालो तेव्हा आषाढ लागला होता.

मंचर, घोडेगाव, तिथून जीपने धरणाच्या कडेकडेने, मग पायी चढ. वाटभर झंपराची पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही. वस्ती आली. घरं उघडी, माणूस कुठे दिसेना. एका ओसरीवर म्हातारा बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "सगळ्या बाया लावणीला गेल्यात."

ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्याने खाली खाचरांकडे बोट दाखवलं तेव्हा आमच्या ध्यानात आलं, भाताची लावणी. ती हसली. तेवढंच.

खाचरात आठ-दहा बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या आणि लावता लावता मागे सरत होत्या. पोटरीभर चिखल. ती बांधावर उभी राहिली आणि सवयीने पाय बघायला लागली. मग तिने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे चार दिवस वळ होता. मीही पाहिलं. चिखलातून पाय उचलला की अंगठा मागे जायचा, तळ चाचपायचा, मग चवडा, मग टाच, मग वजन. आठ-दहा बायका, सगळ्यांचं तसंच.

एक तरणी बाई वर आली. आम्ही कुणाला शोधतोय ते मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या माझ्या सासूबाई. शिमग्याच्या आधी वारल्या. कावीळ झाली व्हती." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमी कोन त्यांच्या?"

शिमग्याच्या आधी. मी मनात महिने मोजले. श्रावणापासून फाल्गुनापर्यंत सात. सात महिने तो पत्ता माझ्या खणात होता आणि ती जिवंत होती.

ही त्यांची थोरली बहीण, असं मी सांगितलं. सून मोकळ्या मनाची होती. घरी नेलं, चहा केला, सगळं सांगितलं. शाळेच्या पहारेकऱ्याशी सासूने पाट लावला होता, त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाला वाढवलं होतं. "लावनी आमाला आत्यांनीच शिकिवली," ती म्हणाली. आत्या म्हणजे सासूच. "पाय लचकू नये म्हनून. आदी आमच्यात लई बाया पडायच्या."

"म्हायेरचं काय बोलायची का?" हिने विचारलं.

सून घुटमळली. "न्हाई. म्हनायच्या, मला म्हायेर न्हाई."

हिने मान हलवली. हिरवं झंपर सुनेच्या हातात दिलं. सून अगदीच काटकुळी, तिला ते ढगळ झालं असतं, पण तिने कपाळाला लावून घेतलं. मग ही उठली, पदर खोचला, आणि कुणी काही म्हणायच्या आत खाचरात उतरली. बायकांनी ओळीत जागा करून दिली. पंचावन्न वर्षांची बाई, आयुष्यात कधी भात न लावलेली. अंधारून येईपर्यंत ती त्या ओळीतून मागे मागे सरत राहिली. मी बांधावर बसून होते.

परतीच्या एसटीत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "तू सांगितलं म्हनून कळलं तरी. न्हाईतर मी जत्रंजत्रंत धावतच ऱ्हायले असते. तुझं लई उपकार झालं, पोरी."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ती सहा-सात वर्षं शिकवत होती. पण दिवस बदलले. मुली टीव्हीवरची हिंदी गाणी बघून यायच्या, कॅसेटवर नाचायच्या, उंच टाचेच्या सँडल मागायच्या. ती एकीला म्हणाली, "घाल. पन मागं चालून दाखीव." मुलगी दोन पावलांत बसली. सगळ्या हसल्या, तीही हसली, पण सँडल राहिल्याच. ती आता पावलं ऐकून दाराशी यायची नाही. रस्त्याकडे पाठ करून बसायची. माझ्याबरोबरची दुपारची चाल मात्र तिने सोडली नाही. आजही लोक म्हणतात, ताई, पाय अधू असून किती डौलात चालता. मला तेव्हा कुठेतरी लपावंसं वाटतं. या चालीतले सात महिने माझे नाहीत.

एकदाच, चालता चालता, तिने विचारलं, "ते मास्तर आले व्हते, ते कवा गं?"

"आपण गेलो, त्याच्या आधी थोडे दिवस," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि मला वळवलं.

पुढे फड मोडला. ट्रक विकले, गोदामात टोमॅटोचे क्रेट आले. सून दर वर्षी लावणीला बोलवायची आणि ही दर वर्षी जायची. त्या वर्षी मात्र कायमची राहायला म्हणून ट्रंक घेऊन निघाली. घोडेगावपर्यंत मी सोडायला गेले. जीप भरत होती. मी ठरवून गेले होते. खिडकीशी उभी राहून म्हणाले, "मावशी, एक सांगायचं राहिलंय."

मागून बायका चढत होत्या, कुणाची तरी कोंबडी फडफडत होती, ड्रायव्हर म्हणत होता, ताई, बाजूला व्हा. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "फुडल्या खेपंला सांग."

मी पुढची खेप दोनदा ठरवली आणि दोन्ही वेळा काम काढलं. श्रावणात सुनेचा फोन आला, की गेल्या. झोपेतच. सगळं करून झालं होतं.

मी गेले ते गणपती उठल्यावर. सुनेने ओढ्यावरची जागा दाखवली. म्हणाली, दोघींना इथंच अग्नी दिला, हाताच्या अंतरावर. मग भाकऱ्या टाकायच्या म्हणून ती घरी गेली.

मी तिथे उभी राहून सगळं सांगितलं. मोठ्याने. मास्तर कधी आले ते, पावती कुठे ठेवली ते, निमगावला ब्लाउजशिवाय मनात काय घेऊन गेले होते ते. काल म्हणाले तो काल नव्हता, हेही. मधेच आवाज चढला असावा, कारण खाली पाण्यात धुणं धुणारी एक बाई हात थांबवून वर बघायला लागली. मी गप्प झाले. तिने थोडी वाट पाहिली, कपडा पिळला, आणि पुन्हा धुवायला लागली.